गरोदरपणात मासे: कुठले खायचे, किती खायचे, कसे खायचे

घरात गोड बातमी आली की आठवड्याभरात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते मासे पूर्ण बंद, उष्ण पडतात, त्यात पारा असतो, नेटवर लिहिलंय. दुसरी म्हणते आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मासे खाऊनच पोरं झाली, कुणाला काय झालंय, खा गुपचूप. आणि मधल्यामधे ती गरोदर बाई, जिला आधीच फोडणीच्या वासाने सुद्धा मळमळतंय, ती कुणाचं ऐकायचं या विचारात वरणभातावर दिवस काढते.

खरं सांगायचं तर दोन्ही पार्ट्यांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. पारा असतो हे खरं, पण तो सगळ्या माशांत सारखा नसतो. छोटे मासे आठवड्यातून दोन-तीनदा नीट शिजवून खायचे, आणि मोठे शिकारी मासे पोटात बाळ असेपर्यंत आणि दूध पाजतोय तोवर बाजूला ठेवायचे. मजा म्हणजे आपल्याकडे जे स्वस्त आहे, वाट्यावर मिळतं, तेच यात पहिल्या नंबरला येतं. आता हे सगळं नीट, एकेक पायरीने बघू. माशांची ॲलर्जी असेल, थायरॉईड किंवा बीपीचा त्रास असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, हा लेख त्यांच्या जागी नाही.

पायरी १: पाऱ्याची भानगड समजून घ्या

कोळसा जाळला, कारखाने चालले, सोन्याच्या खाणी खणल्या की हवेत आणि पाण्यात पारा जातो. पाण्यातले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते शेवाळात जातं, शेवाळ खाणाऱ्या बारीक जिवांत जातं, त्यांना खाणाऱ्या छोट्या माशांत, आणि त्या छोट्या माशांना वर्षानुवर्षं खाणाऱ्या मोठ्या माशांत. प्रत्येक टप्प्यावर ते साठत जातं. म्हणून वर्ष-दोन वर्षं जगणाऱ्या तारलीत ते नावापुरतं असतं आणि खूप वर्षं जगणाऱ्या मुशीत भरपूर.

आणि हे मांसातच मुरलेलं असतं. त्यामुळे कातडी काढली, मिठाच्या पाण्यात ठेवला, चिंच-कोकम लावलं, कडक तळला, काहीही केलं तरी ते जात नाही. काही बायका म्हणतात आम्ही नीट धुऊन घेतो, पण धुण्याचा पाऱ्याशी काही संबंध नाही. आपल्या शरीरातून ते हळूहळू जातं, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. म्हणून जी चान्स घ्यायचा विचार करतेय तिने प्रेग्नन्सी टेस्टची वाट न बघता आधीपासूनच मोठे मासे कमी केलेले बरे.

हे वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, बाळाकडे जातं, एवढंच नाही तर नाळेच्या रक्तातलं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त निघतं. जगाला हे कळलं ते फार वाईट पद्धतीने. जपानमधल्या मिनामाता गावात चिस्सो नावाच्या केमिकल कंपनीने वर्षानुवर्षं पारा असलेलं सांडपाणी खाडीत सोडलं, तिथले मासे खाऊन लोकांच्या मज्जासंस्थेवर परिणाम झाले, १९५६ मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. त्यात डॉक्टरांना कोड्यात टाकणारी गोष्ट अशी होती की काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, पण त्यांच्या पोटी आलेली बाळं मात्र गंभीर अपंगत्व घेऊन जन्माला आली. तोपर्यंत वार बाळाला विषापासून वाचवते असाच समज होता.

हे वाचून कुणीही म्हणेल की मग नकोच ते मासे. थांबा जरा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागात १९९१-९२ च्या आसपास गरोदर असलेल्या हजारो बायकांचा अभ्यास झाला, त्यांच्या मुलांना पुढे आठ वर्षांपर्यंत तपासलं, आणि २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. ज्या आयांनी आठवड्याला ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खाल्ले होते, त्यांची मुलं भाषेच्या बुद्धिमत्ता चाचणीत शेवटच्या चौथ्या हिश्शात येण्याचं प्रमाण जास्त निघालं. शिक्षण, घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरूनही. म्हणजे पाऱ्याच्या भीतीने मासे सोडले तर त्याचाही तोटा आहेच. सेशेल्स बेटांवर लोक जवळजवळ रोज समुद्रातले मासे खातात, तिथल्या दीर्घ अभ्यासात मुलांच्या वाढीवर ठळक वाईट परिणाम दिसला नाही. उलट फॅरो बेटांवर दिसला, पण तिथे लोक पायलट व्हेलचं मांस खातात आणि त्यात पारा खूप असतो. तर प्रश्न 'मासे की नाही' असा नाहीच, 'कुठला मासा' हा आहे.

माशांतून मिळतं काय ते पण सांगते. डीएचए नावाचं ओमेगा-३ फॅट, जे बाळाच्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात जमा होतं, सगळ्यात जोरात शेवटच्या तीन महिन्यांत आणि पुढे दोन वर्षांपर्यंत. शिवाय आयोडीन, बी-१२, डी जीवनसत्त्व, आणि १०० ग्रॅममागे साधारण १८ ते २० ग्रॅम प्रोटीन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने शेवटच्या तीन महिन्यांत रोजचं प्रोटीन नेहमीपेक्षा २२ ग्रॅम जास्त लागतं, म्हणजे एक बऱ्यापैकी बांगडा आणि वाटीभर जास्तीचं वरण, झालं काम.

पायरी २: आपल्या बाजारातल्या माशांची वाटणी करा

इथे सगळ्यात मोठा घोळ होतो. नेटवर अमेरिकेची यादी फिरते, त्यात 'किंग मॅकरेल टाळा' असं असतं. वाचणाऱ्याला वाटतं मॅकरेल म्हणजे आपला बांगडा, आणि बिचारा बांगडा घरातून हद्दपार. तो किंग मॅकरेल अटलांटिकमधला मोठा शिकारी मासा आहे, जातकुळी लावायची तर तो आपल्या सुरमईचा चुलतभाऊ. बांगडा वेगळाच, वीतभर लांब, पाण्यातले बारीक जीव गाळून खाणारा. गरोदरपणात खायला बांगड्यासारखा मासा नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

बिनधास्त खायचे ते हे: बांगडा, तारली (मालवणात पेडवे), मांदेली, बोंबील, मुडदुशी, लेप, ढोमी, बोय, कोलंबी, जवळा. पापलेट पण चालतं, फक्त खिशाला परवडलं तर, आणि हे लक्षात ठेवा की डीएचए बघायला गेलं तर त्याच पैशात मिळणारे बांगडे-तारल्या कितीतरी सरस. पापलेट महाग आहे म्हणून ते जास्त पौष्टिक असेल असा आपला समज असतो, घरात पाहुणे आले की पापलेट आणि गरोदर सुनेलाही पापलेटच. अहो, तिला चार तारल्या वाढा. देशावर राहणाऱ्यांना रोहू, कटला मिळतात, प्रोटीनला छान आहेत, डीएचए समुद्रातल्या तेलकट माशांएवढं नसतं पण काहीच नसण्यापेक्षा चांगलं.

अधूनमधून खायचे: सुरमई, कुपा म्हणजे ट्यूना, घोळ, तांब, हेकरू. सुरमई म्हटलं की लोक माझ्यावर चिडतात, पण मोठ्या सुरमईच्या जाड तुकड्या दर आठवड्याला नकोत. मी तरी असं सांगते की छोटी सुरमई असेल तर पंधरा दिवसांतून एखादी तुकडी, आणि त्या आठवड्यात बाकीचे मासे छोटेच.

अजिबात नको: मोरी म्हणजे मुशी, शार्कच ती. छोटी मोरी असली तरी नको. पाकट पण त्याच नात्यातला, तोही सोडा. तलवारीसारखं तोंड असलेले मोठे मासे, मार्लिन वगैरे, तेही नको. मोरीचं मटण आवडणाऱ्यांना वाईट वाटेल, मलाही वाटतं, पण वर्ष-दीड वर्षाचा प्रश्न आहे.

तिसऱ्या, खुबे, कालवं यांचं गणित वेगळं. यांच्यात पारा फारसा नसतो, लोह आणि बी-१२ तर भरपूर, पण हे जीव पाणी गाळून जगतात, म्हणजे खाडीत जे सांडपाणी येतं ते सगळं यांच्या पोटातून जातं. तर शहराच्या, कारखान्यांच्या खाडीतल्या नको. गावाकडच्या स्वच्छ खाडीतल्या असतील, जिवंत असतील आणि पूर्ण शिजवल्या असतील तर चालतील. शिजवल्यावर ज्या शिंपल्या उघडत नाहीत त्या फेकून द्या.

पायरी ३: आठवड्याचं गणित बसवा

अमेरिकेतल्या सरकारी सल्ल्याप्रमाणे गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बाईने आठवड्याला ८ ते १२ औंस, म्हणजे साधारण २२५ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खावेत. हे वजन कच्च्या माशाचं, डोकं-काटे-पोटातली घाण सोडून. आता आपल्याकडे बहुतेक घरांत बुधवार, शुक्रवार, रविवार हे मच्छीचे वार असतातच, प्रत्येक वेळी तळहाताएवढा तुकडा, १०० ग्रॅमच्या आसपास धरा, तिन्ही वारांचे मिळून ३०० ग्रॅम. मस्त बसतंय की नाही? वेगळं काही करायची गरजच नाही.

मध्यम बांगड्यातून डोकं, काटे गेल्यावर ७०-८० ग्रॅम मांस हाती लागतं, म्हणजे एका जेवणाला एक ते दीड बांगडा. मांदेलीचा छोटा वाटा दोघांना पुरतो. कुणी म्हणेल तीन वार जमत नाहीत, सोमवार-गुरुवार-संकष्टी-चतुर्थी सगळं धरल्यावर दोनच वार उरतात, तर दोन सही.

एखाद्या आठवड्यात लग्नाला गेलात आणि सुरमईच्या दोन तुकड्या पोटात गेल्या तर घाबरून गूगल करत बसू नका. पुढचे दोन-तीन आठवडे बांगडा-कोलंबीवर या, बस्स. एका जेवणाने बिघडत नाही, महिनोन्‌महिने काय खातोय ते महत्त्वाचं.

परदेशात असाल तर तिथला नियम बघा. ब्रिटनमध्ये गरोदर बाईला तेलकट मासे आठवड्यातून दोनदाच, एका वेळी १४० ग्रॅमच्या आसपास, असं सांगतात, कारण तिथे डायॉक्सिनसारख्या प्रदूषकांचाही विचार केलेला आहे. अमेरिकेतल्या भारतीय दुकानात 'किंगफिश' म्हणून फ्रोजन मिळते ती बहुतेक वेळा सुरमईच असते. तिथे सॅमन आणि डब्यातल्या सार्डिन सोप्या पडतात. सुशी आणि कोल्ड स्मोक्ड सॅमन मात्र नको, त्यात लिस्टेरिया नावाचा जंतू असू शकतो आणि गरोदर बायकांना त्याची लागण बाकीच्यांपेक्षा कितीतरी पटीने लवकर होते.

पायरी ४: बाजारात मासा हातात घेऊन बघा

सकाळी जा, आणि पाटीतला वरचाच मासा उचलू नका. बांगडा घेताना कल्ला बोटाने वर करा, आत लालबुंद आणि ओलसर हवा. विटकरी-तपकिरी, चिकट झाला असेल तर ठेवून द्या. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, आत गेलेला आणि धुरकट नको. पाठीवर बोट दाबलं की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. आणि आडवा धरला की ताजा बांगडा ताठ राहतो, शिळा दोन्हीकडून लोंबतो. वास समुद्राचा यावा, अमोनियासारखा नाकात जाणारा नको.

कोळणी घासाघीस करताना बोलतातच, 'ताई, आत्ताच उतरलाय, डोळं बघ त्याचं', त्यांना सरळ सांगा की पोटुशी बाई खाणार आहे, खूपदा त्या स्वतःच मागच्या टोपलीतला काढून देतात. ओळखीची कोळीण असणं हा अर्धा आहार आहे बघा.

बांगडा, तारली, कुपा या माशांची एक खोड आहे. बर्फाशिवाय उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवल्याने जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकायला लागतं, आणि लोक म्हणतात मला बांगड्याची ॲलर्जी आहे. बऱ्याचदा ती ॲलर्जी नसते, मासा नीट थंड ठेवलेला नसतो. म्हणून बर्फातलाच घ्या, घरी येईपर्यंत उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, लांब जायचं असेल तर पिशवीत बर्फ मागून घ्या.

फॉर्मेलिनचं पण बघायला लागतं. २०१८ मध्ये गोव्यात यावरून केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल, बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंदच केली होती. मासा दिसायला ताठ, चकचकीत, पण त्याला माशाचा वासच नाही आणि पाटीवर माशी बसत नाही, असं असेल तर संशय घ्या. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने घरी तपासायच्या पट्ट्या काढल्या आहेत, फारच काळजी वाटत असेल तर त्या वापरता येतात. माझा साधा उपाय म्हणजे स्थानिक, मोसमातला आणि छोटा मासा घ्यायचा, जो लांबून ट्रकने आणणं कुणाला परवडतच नाही.

पायरी ५: साफ करणं आणि शिजवणं

मासे साफ करायचं काम गरोदर बाईने केलंच पाहिजे असं नाही, वासाने उलटी होत असेल तर नवऱ्याने करावं, हात झडत नाहीत. कल्ले, आतडी, पोटातली काळी पातळ त्वचा काढून टाका, वाहत्या पाण्यात धुवा. माशाची सुरी आणि पाट वेगळा ठेवा, त्यावर लगेच काकडी-कोशिंबीर चिरू नका.

पूर्ण शिजला पाहिजे, मधे काट्याजवळ काचेसारखं अर्धपारदर्शक मांस दिसता कामा नये, सुरीच्या टोकाने पापुद्रे सुटले की झालं. दरवेळी रव्यात घोळवून तळलंच पाहिजे असं नाही, तेल जातं, ॲसिडिटी होते, आणि शेवटच्या महिन्यांत ती आधीच छळत असते. बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, तारल्यांचं कोकम घालून आटवण, बोंबलाचं पातळ कालवण, लेपाची हळद-मीठ-आलं लावून तव्यावर थोड्या तेलात केलेली तुकडी, हे सगळं पोटाला हलकं. तिखट थोडं कमी करा.

मांदेली आणि छोट्या तारल्या कुरकुरीत करून काट्यासकट खाल्ल्या तर कॅल्शियम मिळतं. जवळा सालासकट पोटात जातो, तोही चांगला. मेथी, चवळई, माठ अशी पालेभाजी जवळा घालून केली तर दुहेरी फायदा, कारण पालेभाजीतलं लोह शरीर नीट शोषत नाही, पण सोबत मासा किंवा मांस असेल तर ते शोषण वाढतं. वरून लिंबू पिळा, आणखी वाढतं.

लोहाचा विषय निघालाच आहे तर, मासे खाते म्हणून सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्या बंद करू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला होता, यात मासेखाऊ राज्यंही आली. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीच्या आसपास चहा नको. हे आशाताई शंभरदा सांगतात आणि आपण दोन्ही गोळ्या रात्री एकदमच चहाबरोबर गिळतो.

पायरी ६: महिन्याप्रमाणे बदल करा

पहिले तीन महिने वास सहन झाला नाही तर मासे सोडून द्या, जबरदस्ती करू नका, काही बिघडत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नका आणि जे पोटात टिकतंय ते खा. काहींना गरम कालवण नको वाटतं पण थंड झालेली सुकी कोलंबी जाते, करून बघा.

चौथ्यापासून सहाव्यापर्यंत भूक परत येते, तेव्हा वाराप्रमाणे सुरू करा. सातव्यापासून सगळ्यात जास्त लक्ष द्या, बाळाच्या मेंदूची डीएचएची मागणी आता वाढलेली असते आणि नेमकं पोट दाबल्यामुळे आईला भरपूर जेवता येत नाही. थोडं थोडं, चार-पाच वेळा. डोहाळजेवणात ताटात दहा पदार्थ असतात पण त्यात प्रोटीन शोधायला लागतं, हे एक निरीक्षण.

माशाच्या तेलाच्या गोळ्यांबद्दल बरेच जण विचारतात. गरोदरपणात ओमेगा-३ वर झालेल्या ७० चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला, त्यात सदतीस आठवड्यांच्या आधी बाळंतपण होण्याचं प्रमाण १३.४ वरून ११.९ टक्क्यांवर आलेलं दिसलं. तर गोळी वाईट नाही, पण डॉक्टरांना विचारून. कॉड लिव्हर ऑइल मात्र नको, त्यात अ जीवनसत्त्व जास्त असतं आणि ते बाळाला घातक ठरू शकतं.

पावसाळ्याचं वेगळं बघावं लागतं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, पुढे श्रावण, म्हणजे ऐन सातवा-आठवा महिना पावसाळ्यात आला तर ताजी मासळी कमी. तेव्हा सुकट, सुके बोंबील, सोडे आहेत. पण मीठ खूप असतं, गरम पाण्यात भिजवा, ते पाणी ओतून द्या, मग परत धुवा. बीपी वाढलेलं असेल, पायाला सूज असेल तर खारवलेला बांगडा पूर्ण टाळा. सुकी मासळी पॅकेटमधली किंवा ओळखीच्या घरची घ्या, बुरशी लागलेली, ओलसर, रस्त्याच्या धुळीत वाळवलेली नको. या काळात अंडी, डाळी, दूध वाढवा.

जे मासे खात नाहीत त्यांचं काय

जवस, अक्रोड खा, पण त्यातल्या ओमेगा-३ चं शरीरात डीएचए फार थोडं बनतं. समुद्री शेवाळापासून केलेल्या डीएचएच्या शाकाहारी गोळ्या मिळतात, डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. बी-१२ तपासून घ्या, शाकाहारी बायकांत ते हमखास कमी निघतं. मीठ आयोडीनचं वापरा, सैंधवाच्या नादाला लागून रोजचं मीठ बदलू नका.

दोन-चार समज जे ऐकावे लागणारच

मासे आणि दूध एकत्र खाल्लं की कोड येतं, याला आधार नाही, कोड हा प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार आहे. कोलंबी-खेकडे उष्ण पडून गर्भ पडतो, यालाही नाही, ताजं आणि नीट शिजलेलं असेल तर खा. पापलेट खाल्लं की बाळ गोरं होतं, यावर काय बोलणार.

गोरेपणावरून आठवलं, पारा फक्त माशातून येतो असं समजू नका. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडलेला आहे, विशेषतः बिनालेबलच्या, पार्लरमध्ये डबीत भरून देतात त्यात. आणि पाऱ्यापासून केलेली रसौषधंही असतात. बांगडा सोडायचा आणि चेहऱ्याला ती डबी चोपडायची याला अर्थ नाही. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा.

बाळंतपणानंतर

आता खरी परीक्षा. कोकणात बाळंतिणीला मोरी घालतात, दूध वाढतं म्हणून. ही समजूत फक्त आपली नाही, भारताच्या किनाऱ्यावर ती इतकी पसरलेली आहे की एका छोट्या शार्कचं इंग्रजी नावच त्यावरून 'मिल्क शार्क' पडलंय. पण मोरीतला पारा दुधातून बाळाकडे जातो, आणि दूध वाढतं ते बाळाला वारंवार छातीशी लावल्याने, आईला झोप, पाणी आणि पोटभर जेवण मिळाल्याने. सासूबाई प्रेमाने मोरी घेऊन आल्या तर वाद घालू नका, 'आई, मोरीऐवजी मला तुमच्या हातचं पेडव्यांचं तिखलं करा ना' असं म्हणा, शंभरातल्या नव्वद सासवा विरघळतात. आणि हा आग्रह खराच फायद्याचा आहे, कारण आईने डीएचए असलेलं खाल्लं तर दुधातलं डीएचए वाढतं. मग मुडदुशीचं सार, बांगडा, कोलंबी, वाराप्रमाणे चालू ठेवा, तेच २२५ ते ३४० ग्रॅम.

बाळाच्या ताटात मासा

सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर वरचं खाणं सुरू झालं, भात-वरण, खिमट जमायला लागलं की मासा देता येतो, वर्षभर थांबल्याने ॲलर्जी टळते असं काही नाही. सुरुवात लेपाने किंवा रोहूच्या पाठीकडच्या तुकड्याने करा, बोंबील मऊ असतो पण त्याच्या मधल्या काट्याकडे लक्ष ठेवा. वाफवायचा, मीठ-तिखट नाही, आणि मग हात स्वच्छ धुऊन मांस दोन बोटांत कुस्करत, चिमटीत घासत जायचं, काटा डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतो. घाई असेल त्या दिवशी मासा देऊच नका. भाताबरोबर कालवून पहिल्यांदा चमच्याच्या टोकाएवढा, तोही सकाळी किंवा दुपारी, म्हणजे काही झालं तर दवाखाने उघडे असतात. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, उलट्या झाल्या किंवा श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा. काही नाही झालं तर दोन-तीन दिवसांनी थोडा जास्त. नवीन पदार्थ एका वेळी एकच.

वर्षाच्या पुढे एका वेळी साधारण २८ ते ३० ग्रॅम, आठवड्यातून दोनदा, एवढं पुरतं. मोरी आणि मोठी सुरमई बाळालाही नको.

आणि एवढं सगळं करून बाळ पाळण्यात मोबाईल बघत बसलं तर मात्र माशाने काही होणार नाही. डीएचए हा कच्चा माल झाला, मेंदूची जोडणी होते ती बोलण्याने, अंगाईने, खुळखुळ्यामागे मान वळवण्याने. दोन महिन्यांच्या आसपास बाळ आपल्याकडे बघून हसतं का, चौथ्याला मान धरतं का, आठ-नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसतं का, वर्षाच्या आसपास एखादा शब्द बोलतं का, हे माता-बाल संरक्षण कार्डावर टिपत राहा. एखादी गोष्ट बरीच मागे पडली असं वाटलं तर 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' म्हणून वर्ष घालवू नका, लसीच्या दिवशी डॉक्टरांना किंवा अंगणवाडी ताईंना थेट विचारा, आणि कान तपासून घ्यायला सांगा, बोलणं मागे पडतं त्यामागे पुष्कळदा ऐकूच येत नसतं.